आपण वर होतो

बसमध्ये चढल्यावर वंदना भालेराव आधी तिकिटं काढायची नाही. आधी दारापासून शेवटच्या बाकापर्यंत जायची आणि वरच्या रॅकवर कुणी काय ठेवलंय ते बघत परत यायची. दुधाचा कॅन, पत्र्याची पेटी, दुरुस्तीला नेलेली पाण्याची मोटर, असलं काही दिसलं की तिथंच थांबायची.

"हे कुणाचं हाय?"

कुणी बोलायचं नाही.

"कुणाचंच नसंल तर खाली उतरवून ठेवते."

मग मालक उगवायचा. सामान पायापाशी घेताना कुरकुरायचा. शेजारच्याला पाय आखडून घ्यावे लागत, म्हणून तोही कुरकुरायचा. वंदनाला दोघांच्या कुरकुरीचं काही वाटत नसे. "डोक्यात पडलं तर तुमच्या घरी जाऊन मी काय सांगू?" एवढं म्हणून ती मशीन हातात घ्यायची आणि पुढच्या बाकापासून तिकिटांना सुरुवात करायची.

मी देवगाव फाट्याच्या पुढच्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि राहायला सेलूत होतो. सकाळची सेलूहून फाट्यामार्गे जिंतूरला जाणारी बस माझी. त्या बसवर कंडक्टर म्हणून वंदना आली तेव्हा तिशी ओलांडलेली असावी. ठेंगणी, घट्ट अंबाडा, खाकी साडीऐवजी खाकी पँट-शर्ट आणि पायात शाळेच्या मुलांचे असतात तसे कापडी बूट. चपलेनं पाय घसरतो असं तिचं म्हणणं होतं. कंडक्टरची सीट असते, पण तिच्यावर तिची पिशवी बसायची. ती स्वतः बाकाच्या दांड्याला कंबर टेकवून उभी राहायची, दोन्ही हात मोकळे. इतक्या वर्षांत त्या खड्ड्यांच्या रस्त्यावर तिचा तोल एकदाच गेला. ते पुढं येईल.

ती मूळची पिंगळीची. वडील रेल्वेच्या रुळांवर गँगमन होते. संध्याकाळी घरी आले की पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मधेच थांबून पोरांना विचारायचे, "आता ह्यात खरं किती आन् वाढवलेलं किती, सांगा." ही गोष्ट तिनंच एकदा सांगितली होती आणि वर म्हणाली होती, "आमाला त्यातलं काईच कळायचं न्हाई. नुसतं घाबरून बसायचो." बौद्धवाड्यातल्या त्या घरातून ती बी.ए. झाली आणि नोकरीला लागली. नवरा पुण्याकडं कंपनीत होता, दिवाळीला आणि चौदा एप्रिलला यायचा. आई आणि लहान मुलगी यांना घेऊन ती आमच्याच गल्लीत भाड्यानं राहायची.

तिच्या बसमधली भांडणं ऐकण्यासारखी असत. एक पटकेवाले आजोबा होते, आठवड्याच्या बाजाराला यायचे. ठरावीक वय झालं की तिकीट माफ असतं. आजोबांच्या आधार कार्डावर ते वय भरायला थोडे महिने कमी होते.

"रझाकारीच्या वक्ताला मी ढोरं वळत होतो," आजोबा सगळ्या बसला सांगायचे, "आन् ही बाई म्हणती माझं वय भरत न्हाई."

"बाबा, तुमचं वय मला दिसायलंय. पण मला कार्डावरचं धरावं लागतं."

"कार्ड काढणाऱ्यानं चुकी केली."

"मंग ते दुरुस्त करून आणा. मी कसं करू?"

"जाऊ द्या की ताई, म्हातारं माणूस हाय," मागून कुणीतरी म्हणायचं. त्यावर ती मान वळवून म्हणायची, "ह्यायला असंच सोडलं तर उद्या तुमाला कार्ड कोणत्या तोंडानं मागू?"

हे भांडण दर बाजाराला व्हायचं. मग एका सकाळी आजोबांनी कार्ड काढायला खिशात हात घातला तर ती म्हणाली, "ठेवा बाबा. आता वय भरलं तुमचं."

आजोबांनी तिच्याकडं संशयानं बघितलं. "मागच्या बाजाराला भरत न्हवतं."

"मागच्या बाजाराला न्हवतं भरत. आता भरलं."

ती तारीख तिनं ध्यानात ठेवली होती. आजोबांना मात्र त्याचा फारसा आनंद झाला नाही. त्या दिवशी उतरेपर्यंत ते गप्प बसून होते. भांडायला काही उरलं नव्हतं.

त्या बसचे ड्रायव्हर ज्ञानोबा काळे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. जाड मानेचा, कमी बोलणारा माणूस. तंबाखू सोडल्यापासून सारखी बडीशेप चघळायचे. मानवतकडं थोडी शेती होती, ड्यूटी संपली की थेट शेतात. त्यांच्या तोंडी एकच बढाई होती आणि ती खरी होती. "माझ्या गाडीखाली आजपत्तर कुत्रंबी आलं न्हाई." निवृत्तीला थोडा काळ राहिला होता.

वंदना नवीन होती तेव्हाची गोष्ट. भर दुपारी फाट्यावर एक प्यायलेला इसम चढला. तिकिटाचे पैसे देताना त्यानं तिचा हात धरला तो सोडेना. ती ओरडली नाही. "हात सोडा," एवढंच दोनदा म्हणाली. मामांनी आरशात बघितलं असावं. त्यांनी बस रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं, मागं आले आणि त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसले. त्याला हात लावला नाही, शिवी दिली नाही. बडीशेप चघळत समोर बघत बसले. आजूबाजूला नुसती कपाशी, ऊन मी म्हणत होतं. थोड्या वेळानं लोक म्हणायला लागले, "मामा, चला की."

"ह्यो उतरल्याबिगर गाडी हलत न्हाई."

मग लोकांनीच त्या माणसाला उचलून खाली ठेवलं. बस सुरू झाल्यावर वंदना केबिनजवळ गेली आणि म्हणाली, "मामा, टाइम गेला आपला."

"गेला तर गेला," मामा म्हणाले.

त्यानंतर दोघं जेवायला एकत्र बसू लागले. जिंतूरच्या स्टँडवर लिंबाखाली डबे उघडायचे. तिच्या डब्यातली भाकरी मामा घ्यायचे, मामांच्या डब्यातलं वरणफळ ती घ्यायची. आमच्याकडं अशा गोष्टींकडं लोकांचं लक्ष असतं, तसं ते होतंच. त्या दोघांनी मात्र त्यात बोलण्यासारखं काही आहे असं कधी दाखवलं नाही.

अपघात झाला तो कापसाच्या दिवसांत. त्या दिवसांत सेलूच्या जिनिंगकडं कापूस घेऊन येणारे ट्रॅक्टर सकाळपासून रस्त्यावर असतात. ट्रॉलीला चारी बाजूंनी जादा फळ्यांचा वाढवा बांधलेला, वर जाळी, आणि ट्रॉलीच्या दुप्पट रुंद झालेला कापूस. तो पुढं असला की मागच्याला रस्ता दिसत नाही.

शाळा सुटल्यावर मी परतीच्या बसमध्ये बसलो होतो. साधारण मधल्या बाकावर, खिडकीकडं. मला डुलकी लागली होती. बाकीच्यांचंही तसंच होतं, कुणी झोपलेलं, कुणी मोबाईलमध्ये. बस बराच वेळ एका ट्रॅक्टरच्या मागं रांगत होती आणि मामा हॉर्न देत होते, एवढं मला झोपेत कळत होतं. मग बसनं वेग घेतला. मग मामांनी ब्रेक दाबला आणि लगेच आवाज झाला.

माझं तोंड पुढच्या बाकाच्या दांड्यावर आदळलं. वरचा एक दात तुटला, ओठ फाटला. मागं एका बाईचा गुडघा फुटला, कुणाचं मनगट मुरगळलं, एकाच्या कपाळाला टेंगूळ आलं. वंदना पुढं उभी होती, पहिल्या बाकावरच्या माणसाला सुटे पैसे देऊन. ती उडून केबिनच्या लोखंडी नळीवर पडली आणि तिच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. पण आम्ही सगळे आपल्या पायांनी खाली उतरलो. मामांच्या हाताला काचेचा एक ओरखडा होता. बसचा बंपर वाकला होता, एक दिवा फुटला होता, समोरच्या काचेला तडा गेला होता.

समोर एक लहान पांढरी गाडी होती. म्हणजे तिचं मागचं दार, मागची काच, मागं चिकटवलेलं मुलाच्या चेहऱ्याचं स्टिकर हे सगळं जसंच्या तसं होतं. पुढचं काही नव्हतं. बसचा बंपर गाडीच्या बॉनेटपेक्षा उंच असतो. गाडीच्या पुढच्या भागानं जो मार झेलायचा, तो त्यानं झेललाच नव्हता. मार त्याच्या वरून थेट माणसांपर्यंत गेला होता. जड आणि हलकी वस्तू एकमेकींवर आदळल्या तर दोघींना धक्का सारखाच बसतो, पण हलकीची गती जास्त बदलते, हा धडा मी नववीला दरवर्षी शिकवतो. फळ्यावर दोन चौकोन काढतो, एक मोठा, एक लहान.

गाडीत नवराबायको होते. गाडी प्रशांत चालवत होता, जिंतूरकडचा, खत-बियाण्यांचं दुकान होतं त्याचं. शेजारी त्याची बायको ऋतुजा, बेशुद्ध, पाय अडकलेले. लोक जमले. कुणी दार ओढत होतं, कुणी पहार आणा म्हणत होतं, बरेच जण मोबाईल वर धरून उभे होते. वंदना मोडल्या बाजूचा हात पोटाशी धरून गाडीपाशी गेली आणि फुटलेल्या खिडकीतून दुसरा हात आत घालून प्रशांतच्या खांद्यावर ठेवला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती तिथून हलली नाही. ती त्याच्याशी काहीतरी बोलत होती. काय ते मला ऐकू आलं नाही. माझ्या तोंडातून रक्त येत होतं आणि कुणीतरी मला पाण्याची बाटली दिली होती.

मामा जवळच्या नाल्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसले होते. पोलीस आल्यावर त्यांनी सांगितलं, "गाडी एकदम समोर आली." ट्रॅक्टर तोपर्यंत निघून गेला होता. त्याचा नंबर कुणी बघितला नव्हता.

प्रशांत परभणीला पोचायच्या आत गेला. ऋतुजा वाचली. तिच्या दोन्ही पायांची ऑपरेशनं झाली, पण त्या दुपारचं तिला काही आठवत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी चुरडलेल्या गाडीचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरू लागला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'फोनवर बोलत गाडी चालवाल तर असं होईल.' आमच्या स्टाफरूममध्ये तो आला, गल्लीत आला. पानटपरीवर लोक सांगायचे की पोरगं फोनवर होतं, गाडी उडवत आणत होतं, बस आपली आपल्या बाजूनं चालली होती. सांगणाऱ्यांत बसमध्ये असलेलेही होते. ते झोपले होते हे मला माहीत होतं, कारण मीही झोपलो होतो.

थोड्या दिवसांनी संध्याकाळी मी वंदनाची विचारपूस करायला गेलो. ती पाठीला उशी लावून बसली होती, खांद्याला पट्टा. थोड्या वेळात मामा आले. आईनं चहा ठेवला. मी उठायला लागलो तर मामा म्हणाले, "बसा, सर." 

"दुखायलंय का?" मामांनी विचारलं.

"कूस बदलली की दुखतं."

"डॉक्टर काय म्हणला?"

"जुळंल म्हणला."

मामांनी चहाचा कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत. "चौकशीला तुला बोलावतील."

"हं."

"काय सांगशील?"

वंदनानं आईकडं बघितलं. आई चुलीकडं तोंड करून उभी होती. "मामा, तुमी ट्रॅक्टरच्या बाहेर निघालात तवा मी पुढंच बघत होते."

"ते मला म्हाईत हाय."

"तेच सांगन. आपली बस त्यायच्या बाजूला होती."

"माझी किती नोकरी राहिली? माझ्या गाडीखाली कुत्रंबी आलं न्हाई कधी. तुला म्हाईत हाय."

"तेबी सांगन."

"त्यानं काय होतंय."

"काईच होत न्हाई," वंदना म्हणाली.  खांदा सावरून नीट बसली. "मामा, आपण वर होतो. आपल्याला खरचटलं, हाडबीड मोडलं, झालं. ते खाली होते. त्या पोराला मेल्यावरबी लोक शिव्या द्यायलेत. फोनवर होता म्हणायलेत. त्याच्या हातात फोन न्हवता, मामा. दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. गाडीचं नाक खाली दबलं होतं, एवढ्या जोरात ब्रेक दाबला त्यानं. मी बघितलं."

मामांनी कप खाली ठेवला. "मीबी बघितलं," ते म्हणाले.

त्यांनी तिला खोटं बोल असं म्हटलं नाही. जाताना चपला घालायला त्यांना वेळ लागला. वंदना दारापर्यंत उठून गेली. आईनं नंतर तो कप उचलला तेव्हा चहावर साय धरली होती.

चौकशी तिच्या डेपोत झाली. बसमधले प्रवासी म्हणून आम्हा दोघा-तिघांना बोलावलं होतं. मी झोपलो होतो असं सांगितलं आणि माझं काम संपलं. व्हरांड्यात बाकावर बसलो. खोली लहान होती, उकाड्यामुळं दार उघडंच होतं.

साहेबांनी वंदनाला विचारलं, "तुम्ही उभ्या होतात. एवढा मोठा धक्का बसला. हाड मोडलं. अशा अवस्थेत तुम्हाला सगळं नेमकं कसं आठवतं?"

"धक्का नंतर बसला, साहेब. दिसलं आधी."

"ट्रॅक्टर किती वेळ पुढं होता?"

"लय वेळ. मामांनी बराच दम धरला होता. मागून मोटारसायकली काढून घ्यायला लागल्या, लोक म्हणायला लागले घ्या पुढं. तवा त्यायनी बाहेर काढली. पुढं वळण होतं."

"ड्रायव्हर वेगात होते?"

"वेगात न्हवते. पण बाजू आपली न्हवती."

ती हे सगळं एकाच सुरात सांगत होती, स्टँडवर थांबे सांगावेत तसं. मामांच्या बाजूनं एक शब्द असेल तर तोही टाकत होती, विरुद्ध असेल तर तोही. मग मामांना आत घेतलं. त्यांच्यासोबत संघटनेचा एक माणूस होता. साहेबांनी वंदनाचं म्हणणं वाचून दाखवलं आणि विचारलं, "हे तुम्हाला मान्य आहे का?" संघटनेच्या माणसानं मामांच्या दंडाला हात लावला. आदल्या दिवशी काय बोलायचं ते ठरलं असावं.

मामा म्हणाले, "ती खोटं बोलत नसती."

"म्हणजे मान्य आहे?"

"ती खोटं बोलत नसती, साहेब."

संघटनेचा माणूस बाहेर आला आणि व्हरांड्यात पचकन थुंकला.

मामांना आधी निलंबित केलं, मग कायमचं स्टेअरिंगवरून काढलं. पोलिसांची केस वेगळी चालू झाली. निवृत्तीपर्यंतचा उरलेला काळ त्यांनी डेपोच्या आवारात टायर मोजत काढला.

वंदना हाड जुळल्यावर कामावर आली. तेव्हा तिच्याबरोबर ड्यूटी घ्यायला कुणी तयार नव्हतं. ज्याला लावतील तो ड्रायव्हर तोंड फिरवून बसायचा. ती चढायच्या आत बस हलवायचा. चहाच्या टपरीवर ती आली की बोलणं थांबायचं. "हिच्यासमोर शिंकू नका, साहेबाला सांगंल," असं एकजण तिला ऐकू जाईल असं म्हणाला. ती चहा घेऊन एकटीच लिंबाखाली जाऊन बसली. बसमध्ये मात्र काही बदललं नाही. आधी रॅक, मग तिकिटं.

एक दिवस मामांच्या बायकोनं आमच्या गल्लीत येऊन तिच्या दारासमोर तोंड सोडलं. "माझ्या हातचं खाल्लंस ग. मामा म्हणून खाल्लंस आन् त्यायलाच बुडवलंस." लोक दारांत उभे राहिले. वंदना उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती. बाईंचा दम संपल्यावर ती म्हणाली, "मामी, आत या. पाणी घ्या."

"तुझ्या घरात मी पाय ठेवायची न्हाई."

या वाक्याचा अर्थ गल्लीत प्रत्येकानं आपापल्या परीनं लावला. वंदनानं कोणता लावला ते कळलं नाही. मामी वळणावरून दिसेनाशा होईपर्यंत ती उभी होती. मग आत गेली. त्या दिवशी तिच्या मुलीला आमच्या घरी जेवायला पाठवलं होतं. पोरगी म्हणाली, आई झोपली.

ऋतुजा आली ती उन्हाळ्यात, कुबड्यांवर, सासऱ्यांना घेऊन. मी शाळेत होतो. पण वंदनाच्या आईनं माझ्या बायकोला मदतीला बोलावलं होतं, त्यामुळं ती तिथं होती. तिनं मला सांगितलं ते असं.

सासरे जबाबाबद्दल आभार मानायला लागले तर वंदनानं त्यांना थांबवलं. म्हणाली, "आभार कामून? त्यातून तुमचा मुलगा परत येत न्हाई आन् आमच्या मामांचं स्टेअरिंगबी गेलं."  ऋतुजा बराच वेळ जमिनीकडं बघत होती. मग तिनं विचारलं, "ते फोनवर होते का हो? मला काहीच आठवत नाही. माझ्या माहेरचे लोकसुद्धा तसंच म्हणतात. एखादवेळेस मीच त्यांना फोन दिला असेल, काही दाखवलं असेल, असं वाटत राहतं."

"न्हाई," वंदना म्हणाली. "त्यायच्या हातात काईच न्हवतं. त्यायनी ब्रेक दाबला होता, शेवटपत्तर दाबून धरला होता. गाडी कडेला काढायलाबी बघितली. पण कडेला जागाच न्हवती, खाली नाला होता."

"नंतर? तुम्ही जवळ होतात म्हणे."

"होते."

"काही बोलले का?"

माझी बायको म्हणाली की तिथं कुणीही काहीतरी गोड सांगून टाकलं असतं. तिनंही टाकलं असतं. वंदना म्हणाली, "बोलले न्हाईत. बोलता येत न्हवतं. तुमच्याकडं बघत होते. मी त्यायला सांगितलं, तुमची बायको जित्ती हाय, श्वास चालू हाय. दोन-तीनदा सांगितलं. त्यायनी मान हलवली. ऐकलं त्यायनी."

ऋतुजानं कुबड्या बाजूला ठेवल्या आणि तिथं पहिल्यांदा रडली. सासऱ्यांनी पंच्यानं तोंड झाकून घेतलं. वंदना उठून तिच्याजवळ जाऊन बसली.  जाताना तिनं त्यांच्या जीपच्या मागच्या सीटवर उशी लावून ऋतुजाचे पाय नीट ठेवले आणि ड्रायव्हरला सांगितलं, "सावकाश न्या." मग ती ड्यूटीवर गेली. उशीर झाला म्हणून तिथं तिला बोलणी बसली.

मामांची केस सेलूच्या कोर्टात उभी राहिली तोपर्यंत ते निवृत्त झाले होते. वकिलानं त्यांना गुन्हा नाकबूल करायला सांगितलं होतं. अपघाताला वेळ उलटून गेला होता, ट्रॅक्टर सापडला नव्हता, एकट्या कंडक्टर बाईचा जबाब, सुटायला वाव होता. वंदनाला साक्षीला बोलावलं होतं आणि ती इस्त्रीची साडी नेसून बाहेर बसली होती. तिला आत जावं लागलंच नाही. मामांनी उभं राहून कबूल केलं. वकिलानं डोक्याला हात लावला. कोर्टानं त्यांचं वय आणि कबुली बघून त्यांना तुरुंगात न पाठवता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं. हे मला कोर्टातल्या एका कारकुनाकडून कळलं. त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता.

त्याच दुपारी मी कोर्टासमोरच्या औषधाच्या दुकानात उभा होतो. पुढच्याच आठवड्यात वंदनाची बदली गंगाखेडकडं झाली आणि घर उठलं, त्यामुळं ते दोघं मला एकत्र दिसले ते शेवटचंच. कोर्टाच्या फाटकातून मामा बाहेर आले. थकले होते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यावर हिरवा चष्मा. कुणी सोबत नव्हतं. रस्त्याच्या कडेला येऊन ते उभे राहिले. स्टँडला जायचं तर पलीकडं यावं लागतं आणि त्या रस्त्याला गाड्या थांबत नाहीत. मामा एक पाऊल पुढं टाकायचे आणि मागं घ्यायचे. जन्मभर ज्यानं रस्ता वरून बघितला, त्याला खाली उभं राहून गाड्यांचा अंदाज येत नव्हता.

मागून वंदना आली. ती त्यांच्याशी बोलली नाही, त्यांनीही तिच्याकडं बघितलं नाही. ती त्यांच्या पुढं होऊन सरळ रस्त्यात गेली आणि मधोमध उभी राहून एक हात वर केला. एक कार करकचून थांबली. तिच्या मागं मोठी ट्रॅव्हल्स बस होती, ती थांबली. दोन्ही बाजूंना हॉर्न सुरू झाले. कारवाल्यानं काच खाली करून काहीतरी म्हटलं. वंदनानं हात खाली घेतला नाही. मामा चष्मा सावरत, धोतराचा सोगा हातात धरून, कसलीही घाई न करता तिच्या मागून पलीकडं गेले.

ते फुटपाथवर चढले. मग तिनं हात खाली घेतला.